गेरूचे पंजे

त्या दिवशी सकाळी थंडी अशी होती, की बादलीत हात घातला की बोटं सगळी परत आली का ते मोजून बघावं लागत होतं. आसपासच्या द्राक्षबागांमधल्या शेकोट्यांचा धूर अजून जमिनीलगत रेंगाळत होता. गोदावरीकडनं धुकं येत होतं. आणि त्या धुक्यात आमच्या मंडळाचे पाच-पंचवीस लोक मफलरी गुंडाळून नारळ फुटायची वाट बघत उभे होते. नारळ मला फोडायचा होता आणि मी कुठलंच काम गडबडीत करत नाही. सगळ्यांचे दात वाजून दमले, तेव्हा कुठं नारळ फुटला!

बांधकामावर वाळू येते, खडी येते, विटा येतात. काम संपलं की सगळं संपतं. किस्से तेवढे उरतात. चाळीस वर्षं मी भिंती उभ्या केल्या, पण या एका कामावर जेवढे किस्से साठले, तेवढे बाकीच्या सगळ्या कामांवर मिळून साठले नसतील. कारण या कामाला मालक एक नव्हता. अख्खं मंडळ मालक होतं!

पंचवटी ओलांडून पुढं गेलं की घरं विरळ होतात आणि मळे लागतात. फुलांचे आणि भाजीपाल्याचे. त्या मळेवाल्यांचं मंडळ, आणि मंडळाला बांधायचं होतं मंगल कार्यालय. आम्ही सगळे त्याला हॉल म्हणायचो. मंडळाचे अध्यक्ष नाना, त्यांचा गुलछडीचा मळा. सेक्रेटरी गुरुजी, प्राथमिक शाळेतले. इंजिनिअर देसले साहेब, तरुण माणूस, नामपूरकडचे. एरवी बोलायचे शहरासारखं, पण रागावले किंवा खूश झाले की अहिराणीवर यायचे. आणि मिस्त्री मी, भिका. सगळे तात्या म्हणतात.

नारळ फुटल्यावर नाना सगळ्यांदेखत म्हणाले, "तात्या, वर्षात हॉल उभा कर. पहिलं लग्न तुझ्या मंदाचं!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. थंडीनं आलं असं मी सांगितलं. एवढी घरं बांधली, वास्तुशांतीला टॉवेल-टोपी मिळाली, शेवटच्या पंगतीला जेवलो. पण मी बांधलेल्या जागेत माझ्या घरचं कार्य कधी झालं नव्हतं. माझ्या लेकीची, मंदाची सोयरीक जमली होती, हरसूलकडं. व्याह्यांना मी त्याच दिवशी निरोप धाडला, की लग्न हॉलमध्ये.

आमच्या शेजारच्या ताराबाई पंचवटीच्या बाजारात भाजी विकायला बसतात. नारळाचा तुकडा चघळत त्या म्हणाल्या, "तात्या, वर्षात म्हंजे कोणच्या वर्षात, ते इचारलं का नानाला?"

*

भिंती कमरेपर्यंत आल्या. एका सकाळी नाना स्कूटरवर आले आणि स्कूटर चालूच ठेवून म्हणाले, "तात्या, स्वयंपाकघर इकडं नको. धूर मांडवात येईल. तिकडं घे."

मी म्हटलं, "बरं." तिकडची भिंत उचलली.

चार दिवसांनी गुरुजी आले. "तात्या, हे काय? कुणी सांगितलं?"

"नानांनी."

नानांना बोलावलं. नानांनी भिंतीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "मी विचार सांगितला होता. काम नव्हतं सांगितलं!"

भिंत पाडली.

देसले साहेबांनी मला बाजूला घेतलं. "तात्या, याला चेंज ऑर्डर म्हणतात. ज्याला बदल पाहिजे त्यानं फॉर्म भरायचा, खाली सही करायची, मगच काम करायचं." त्यांनी फॉर्म दिला. मी धरून बघितला. त्यांनी तो सुलटा करून दिला. तरी मला तेवढाच समजला.

"साहेब," मी म्हटलं, "शाळेचं तोंड मी बघितलं ते शाळेला गिलावा करताना. कागद तुमच्याकडं राहू द्या. मला भिंतीवर दाखवा."

अक्षरं मी पार म्हातारपणी शिकलो, म्हणून तर हे सावकाश लिहितोय. पण तेव्हा काही येत नव्हतं. दोरीला लावून रेघ मारायला गेरूचा डबा मात्र माझ्याजवळ कायम असायचा. मी विचार केला. दोन दिवस केला. मग सगळ्यांना सांगितलं, "ज्याला बदल पाहिजे, त्यानं स्वतः यायचं. गेरूत हात बुडवायचा आन् जिथं बदल पाहिजे तिथं पंजा उमटवायचा. मग पंज्याजवळ उभं राहून तोंडानं सांगायचं, काय बदलायचं. ज्याचा पंजा, त्यानं येऊन सांगायचं. त्यानं सांगितल्याशिवाय त्या जागेला कुणी हात लावायचा नाय. बदल झाला, की मी वरून गिलावा मारीन. पंजा बी आत, भांडण बी आत."

लोक हसले. पण दुसऱ्याच दिवशी नानांचा पहिला पंजा उमटला. त्यांचं मधलं बोट वाकडं, ते लांबूनच कळायचं. गुरुजींचा पंजा लांबट, बारीक. मला अक्षर वाचता येत नव्हतं, पण हात वाचता यायला लागले.

देसले साहेब भिंतीकडं बघून म्हणाले, "तात्या, हाऊ तुमना फॉर्म मना फॉर्मपेक्षा भारी शे!"

*

एकदा सकाळी येऊन बघतो, तर मागच्या भिंतीवर लांबट पंजा. गुरुजींचा. पण गुरुजींचा पत्ता नाही.

नाना म्हणाले, "ते गेले निवडणुकीच्या ड्युटीवर. सुरगाण्याकडं. आठ दिवस येत नाहीत."

नियम म्हणजे नियम. ती भिंत तिथंच थांबवली. गवंडी दुसरीकडं लावले.

तिसऱ्या दिवशी एक सरकारी जीप थांबली. साहेब उतरले. "आचारसंहिता लागलीय, माहिती नाही का? भिंतीवर हे चिन्ह कशाला काढलंय? पुसून टाका!"

मी म्हटलं, "पुसतो की साहेब. पण ज्याचा पंजा, त्यानं येऊन सांगायला पाहिजे."

"कुणाचा आहे?"

"गुरुजींचा."

"कुठं आहेत ते?"

"तुमच्याच ड्युटीवर!"

साहेबांनी थोडा वेळ आभाळाकडं बघितलं. मग म्हणाले, "निदान पोतं तरी टाका त्याच्यावर." पोतं टाकलं.

आठ दिवसांनी गुरुजी आले. नाना आले, देसले साहेब आले, भिंतीपाशी माणसं गोळा झाली. मी पुतळ्याचं उद्घाटन करावं तसं पोतं बाजूला केलं. "बोला गुरुजी. काय बदल?"

गुरुजींनी चष्मा पुसला, जवळ जाऊन बघितलं. "हे होय! अहो, त्या दिवशी पुढच्या खिडकीचा पंजा दिला आणि हात धुवायला निघालो, तर पाय घसरला. भिंतीला धरलं!"

ताराबाईंना हे कळलं तेव्हा त्या बाजारात तीन दिवस तेच सांगत होत्या, "घसरला एक माणूस आन् आठ दिस आडवी झाली भिंत!"

पण एक होतं. आठ दिवसांत त्या भिंतीला कुणी बोट लावलं नव्हतं.

*

नानांच्या बायकोला सगळे नानी म्हणतात. मंडळाचा भंडारा असतो त्यात शब्द त्यांचा चालतो. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशी पंजा दिला. "तात्या, दार मोठं करा. आमचं भंडाऱ्याचं पातेलं आत गेलं पाहिजे."

पातेलं म्हणजे साधं पातेलं नव्हे. त्यात एका वेळी गावजेवणाची आमटी होते. मापाला म्हणून ते टेम्पोत घालून आणलं. तेव्हा चौकट बसायची होती, भगदाड मोठं होतं. पातेलं सुखानं आत गेलं. आणलंच आहे तर राहू दे म्हणून आम्ही त्यात पाणी भरून ठेवायला लागलो.

मग गुरुजी आले. "एवढं मोठं दार केलं तर भांडी घासायची मोरी कुठं बसणार?" त्यांनी दाराच्या दुसऱ्या बाजूला पंजा दिला. एकीकडं नानींचा, एकीकडं गुरुजींचा. मधनं जायला माणसं घाबरायला लागली. शेवटी नानांनी तोड काढली, "दोघांचं ऐका. मधलं माप घ्या." मधल्या मापाची चौकट बसली.

हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी पातेलं न्यायला टेम्पो आला. उभं करून बघितलं, आडवं करून बघितलं, तिरपं करून बघितलं. कुठूनही चार बोटं जास्तच!

देसले साहेबांनी टेप लावला आणि तिथंच खाली बसले. नानी कमरेवर हात ठेवून गुरुजींकडं बघत होत्या. गुरुजी मोरीकडं बघत होते.

नाना ओरडले, "फोडा दार!"

मी म्हटलं, "नाना, दार फोडायला एक दिस, परत बसवायला आठ दिस. भंडारा तर उद्या हाय. पातेलं बाहेर येत नसंल, तर पंगत आत येती का बघा."

हॉलवर अजून छत नव्हतं, खाली फरशी नव्हती. पण दुसऱ्या दिवशी अख्ख्या मंडळानं तिथंच बसून आमटी भुरकली. पातेलं आजही आतच आहे.

नानी म्हणतात, "एक बरं हाय, चोरीला जायची भीती नाय!"

*

स्लॅब टाकून झाला, पावसाळा सरला, आणि स्टेज आलं.

नानांचा पंजा: "दीड हात उंच घे. मागं बसलेल्याला नवरी दिसली पाहिजे."

उंच घेतलं.

मग नानांच्या आई बघायला आल्या. नव्वदी ओलांडलेल्या. काठी टेकत त्यांनी पायऱ्या मोजल्या आणि म्हणाल्या, "अक्षता टाकायला जायाचंय का कळस चढवायला?" त्यांचाही पंजा घेतला. सुरकुत्यांसकट उमटला.

खाली घेतलं.

मग गुरुजी: "इतकं खाली? नवरा-नवरीला काही मान आहे की नाही? एक पायरी तरी द्या."

एक पायरी दिली.

तोवर दिवाळी आली. देसले साहेब टेप घेऊन आले. एकदा मोजलं, परत मोजलं, पिशवीतून पहिला नकाशा काढला. त्यांचे कान लाल व्हायला लागले. "हाई काय शे, तात्या? हे तर मी पहिल्या दिवशी दिलं होतं तेच माप आहे!"

"तेच हाय, साहेब," मी म्हटलं. "पण तवा ते तुमचं माप होतं. आता सगळ्यांचं हाय!"

साहेब हसले. मला मात्र हसू येईना. घरी आलो तर अंगणात तुळशीचं लग्न चाललं होतं. तुळशीचं लागलं. मंदाचं पुढं गेलं.

*

गेटच्या कमानीवर सिमेंटचं एक फूल काढायचं ठरलं. एकच. कुणाचं, यावर मंडळाच्या तीन बैठका झाल्या.

नाना म्हणाले, "गुलछडी." शेवंतीवाले म्हणाले, शेवंती. गुलाबवाल्यांनी तर येताना गुलाबच आणला. झेंडूवाले म्हणाले, "दसऱ्याला तुम्ही सगळे झेंडूच घेता ना? मग!"

सिमेंट ओलं असताना काम करायचं असतं, तिथं पंज्याला थांबता येत नाही. म्हणून मी म्हटलं, सगळ्यांनी खाली उभं राहा, मी वर बसतो, सांगाल तसं करतो. तीच चूक झाली.

"तात्या, पाकळी जरा आत वळवा, गुलाबासारखी."

"आता बाहेरून एक थर द्या. शेवंतीला थर असतात."

"भरगच्च करा. झेंडू भरगच्च असतो."

दुपारपर्यंत थरावर थर चढले. मी उतरलो, चार पावलं मागं गेलो आणि वर बघितलं.

कोबी!

अगदी नुकता काढलेला, पानांसकट. नाना एका डोळ्यानं बघत होते.

तेवढ्यात मागून सदाभाऊ पुढं आला. सदाभाऊ भाजीवाल्यांचा म्होरक्या. फुलाच्या बैठकांना भाजीवाल्यांना बोलावलंच नव्हतं, म्हणून तो महिनाभर रुसून होता. त्यानं टोपी काढली. "तात्या," तो म्हणाला, "एवढ्या मोठ्या मंडळात आमची आठवण तुम्हाला एकट्याला झाली!"

दुसऱ्या दिवशी माझ्या दाराशी कोबीची पाटी! आठवडाभर घरात दुसरी भाजी शिजली नाही. आणि हॉलला मंडळानं मोठं लांबलचक नाव दिलंय, पण रिक्षावाल्याला ते सांगितलं तर तो मान हलवतो. कोबीचा हॉल म्हटलं की बरोबर आणून सोडतो.

*

माघातला मुहूर्तही गेला. आता सिंहस्थ तोंडावर आला.

आमच्या नाशकात सिंहस्थ म्हणजे नुसती साधूंची अंघोळ नव्हे. गुरू सिंह राशीत गेला, की या गोदागंगेकाठी लग्नं लागत नाहीत. वर्षभर मांडव नाही, सनई नाही. त्यात आमचे गवंडी निघाले नदीवर, घाट बांधायला. जातील नाही तर काय? इकडं बांधायचं, पाडायचं. तिकडं नुसतं बांधायचं! माझ्याकडं दोन माणसं उरली आणि तिसरा मी.

ताराबाई रोज सकाळी टोपली डोक्यावर घेताना म्हणायच्या, "तात्या, साधू निघालेत म्हणं हिमालयातनं. तुमचा हॉल कुठवर आलाय?"

फाल्गुनात व्याही रामभाऊ हरसूलहून हॉल बघायला आले. मी मनात म्हटलं, आता काय दाखवायचं? स्टेजच्या मागची भिंत त्या वेळी पंज्यांनी नुसती भरली होती. नानांचे तीन, गुरुजींचे दोन, नानींचा एक, सदाभाऊचा एक. प्रत्येकाला तिथं वेगळंच काही पाहिजे होतं.

रामभाऊ दारातून आत आले, समोरची भिंत बघितली आणि थबकले. चपला काढल्या. डोकं झाकून पुढं गेले, डोळे मिटून हात जोडले. मग हळूच मला विचारलं, "जागृत दिसतीया. कोणची देवी म्हणायची ही?"

मी म्हटलं, "देवी नाय, पाव्हणं. ही कमिटी हाय!"

रामभाऊ एवढे हसले की त्यांना पातेल्यातलं पाणी काढून द्यावं लागलं. पण पाणी पिऊन झाल्यावर पायरीवर बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तात्या, माझी आय थकली. म्हणती, नातवावर अक्षता टाकीन आन् मग डोळं मिटीन. सिंहस्थ लागला तर तिला वर्षभर थांब म्हणून कोणी सांगायचं? हॉल नाय झाला तर नाय झाला. आमच्या अंगणात उरकू."

मी म्हटलं, "पाव्हणं, ज्येष्ठातला शेवटचा मुहूर्त धरा. लग्न इथंच."

शब्द दिला. शब्दाचा पंजा कुठं उमटत नाही, पण माझ्या छातीवर उमटला.

घरी आल्यावर मंदाला सगळं सांगितलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "आबा, सगळ्यांनी पंजे दिले. तुम्ही कधी दिला का?"

*

ज्येष्ठ लागला. लग्नाला तीन आठवडे राहिले. फरशी अर्धी, दारं बसायची, रंगाचं तर नावच नाही. आणि नेमका त्या सकाळी निरोप आला, की नाना, गुरुजी आणि नानी तिघं येताहेत. तिघांना एक-एक शेवटचा बदल सुचलाय!

मी जन्मात कुणाला नाही म्हटलेलं नाही. तोंडातून ते निघतच नाही. मी गेरूचा डबा उचलला, रिकाम्या पातेल्यात ठेवला, वर झाकण टाकलं.

नाना आले. "तात्या, स्टेजमागं तीन कमानी पाहिजेत. आण गेरू."

"गेरू संपला, नाना."

"संपला? सिंहस्थासाठी अख्खी पंचवटी रंगवायला काढलीय. गेरूला काय तोटा?"

स्कूटर गेली तशी आली. नानांच्या हातात गेरूचा पुडा. मागून रिक्षातून गुरुजी उतरले, त्यांच्याही हातात पुडा. नानी चालत आल्या, त्यांच्या ओच्यात पुडा. मी तिघांकडं बघितलं. गेरू घेतला, घमेल्यात पाणी घातलं, सावकाश कालवला. गुठळी राहू दिली नाही.

"आता सांगा," मी म्हटलं, "कुणाला कुठं काय पाहिजे? नुसती जागा दाखवा."

नानांनी स्टेजमागची भिंत दाखवली. गुरुजींनी ऑफिसची खिडकी दाखवली. नानींनी स्वयंपाकाचा ओटा दाखवला.

मी घमेल्यात हात बुडवला. माझा. स्टेजमागच्या भिंतीवर एक पंजा दिला, खिडकीपाशी एक आणि ओट्यावर एक.

नानांना काही समजेना. "तात्या, हे कुणाचे?"

"माझे."

"तुला बदल पाहिजे? काय बदल?"

"अजून सुचला नाय," मी म्हटलं. "ज्येष्ठातलं लग्न झालं की येऊन सांगतो. तवर नियम म्हंजे नियम. ज्याचा पंजा, त्यानं सांगितल्याशिवाय त्या जागेला कुणी हात लावायचा नाय."

आवाज माझा होता, पण मलाच ओळखू येईना. गुरुजी काही बोलायला गेले आणि थांबले. बहुतेक त्यांना ते पोतं आठवलं. नानी पदर तोंडाला लावून हसत होत्या. नानांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना मंदा आठवली असावी, नारळ आठवला असावा. मग ते पुढं झाले, माझा गेरूचा हात तसाच हातात घेतला आणि म्हणाले, "तात्या, आयुष्यात एक तरी काम गडबडीत केलंस!"

दुसऱ्या दिवसापासून मळ्यातले चार-चार गडी नाना स्वतः घेऊन यायला लागले. फरशी उचलायला गुरुजी होते. एकाही माणसानं बदल सांगितला नाही. सवयीनं एक-दोनदा तोंडं उघडली, पण ती नानींनी मिटवली.

*

लग्न लागलं. कोबीच्या हॉलमध्ये!

हरसूलची माणसं कोबी विचारत-विचारत बरोबर पोचली. आमटी त्याच पातेल्यात शिजली. स्टेजमागची भिंत बिनगिलाव्याचीच राहिली होती, सगळे लाल पंजे तसेच. फोटोवाल्याला वाटलं खास सजावट केलीय, म्हणून त्यानं पाहुण्यांना तिथंच उभं करून फोटो काढले. आणि रामभाऊंच्या आई, कुणाचा हात न धरता, एक-एक पायरी करत स्टेजवर गेल्या आणि नातवावर अक्षता टाकल्या. देसले साहेब खालून त्या पायऱ्यांकडंच बघत होते. मला म्हणाले, "सगळ्यांचं माप शे, तात्या."

पाठवणीची वेळ झाली. जीप दारात लागली. मंदा सगळ्यांच्या पाया पडली. मग म्हणाली, "नानींना भेटून येते," आणि स्वयंपाकघरात गेली. आली तेव्हा तिचा उजवा हात पदराखाली होता. माझ्या पाया पडताना तिनं एकच हात लावला. मला वाटलं, पोरगी घाबरली असेल. दारातून बाहेर पडताना ती क्षणभर चौकटीपाशी थांबली, भिंतीला टेकल्यासारखी. मग जीप गेली. धूळ बसली.

पाहुणे पांगल्यावर मी दाराशी येऊन बसलो. पाणी प्यायला मान वर केली आणि दिसलं. चौकटीच्या बाजूला, नव्याकोऱ्या पांढऱ्या गिलाव्यावर, खांद्याच्या उंचीला, एक लहान पंजा. ओला. करंगळी जराशी आत वळलेली. लहानपणी मंदाची करंगळी दारात चेंगरली होती, तेव्हापासून तशीच आहे. आमटी करायला घेताना पातेल्यात सापडलेला डबा नानींनी तिला दाखवला असणार.

नाना आले. "अरे, हा कुणाचा? लग्न झालं, आता कसला बदल?" मग त्यांनी नीट बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. आवाज खाली आला. "असू दे तात्या. उद्या सकाळी वरून चुना मारून टाकू. दर्शनी भिंत आहे."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

ताराबाई पायरीवर बसून उरलेल्या कोथिंबिरीच्या जुड्या टोपलीत भरत होत्या. त्या उठल्या, टोपली कमरेवर घेतली, पंज्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाल्या,

"हात लावू नका त्याला, नाना. तात्या, नेम तुमचाच ना? ज्याचा पंजा, त्यानं येऊन सांगायचं. येईल की सांगायला!"